अमेरिकेच्या पोलाद-ॲल्युमिनियम शुल्काचा भार कोणी उचलायचा? अंबडमधून एक प्रश्न

अंबड_डायकास्टिंग (नोव्हेंबर २०२५)

नमस्कार. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत आमचा ॲल्युमिनियम डाय कास्टिंगचा (वितळलेला धातू दाबाने साच्यात भरून भाग बनवण्याचा) आणि त्या कास्टिंगवर व्हीएमसी (संगणकाने चालणाऱ्या उभ्या यंत्रावर) मशीनिंग करण्याचा लहान कारखाना आहे. आमचा बराचसा माल नाशिक आणि चाकणच्या वाहन उद्योगाला जातो. मात्र गेल्या काही वर्षांत अमेरिकेतील एका आयातदाराकडून पंपाची हाउसिंग, मोटारीची एंड कव्हर आणि थोडे पोलादी ब्रॅकेट यांच्या नियमित ऑर्डर मिळू लागल्या आणि त्यांच्या भरवशावर आम्ही कर्ज काढून यंत्रे घेतली.

मार्च २०२५ मध्ये अमेरिकेने पोलाद आणि ॲल्युमिनियमवर सरसकट २५ टक्के शुल्क लावले, तेव्हा आयातदाराने ते स्वतः सोसले. ४ जूनपासून ते ५० टक्के झाले आणि ऑगस्टमध्ये या धातूंपासून बनलेल्या आणखी चारशेहून अधिक वस्तूंचे कोड यादीत आले, तेव्हापासून त्याचा सूर बदलला आहे. निम्मे शुल्क आम्ही सोसावे, म्हणजे किमतीत २५ टक्के सूट द्यावी, अन्यथा पुढील वर्षाच्या ऑर्डर निश्चित करता येणार नाहीत, असे पत्र त्याने आता पाठवले आहे.

मला तीन गोष्टींवर जाणकारांचे मत हवे आहे. ही सूट द्यावी का, आणि दिल्यास किती? भारताने अमेरिकी मालावर प्रतिशुल्क लावावे यासाठी निमा, आयमा यांसारख्या आपल्या नाशिकच्या उद्योजक संघटनांनी आग्रह धरावा का, की त्याने आपलेच नुकसान होईल? आणि युरोपकडे वळावे असे सगळे सांगतात, त्यात लहान कारखानदाराला खरोखर किती वाव आहे? आमच्याकडे काम करणारी बहुतेक मुले सिडकोत भाड्याने राहतात. ऑर्डर थांबली तर पहिला फटका त्यांना बसेल, म्हणून उत्तर घाईने द्यायचे नाही असे ठरवले आहे.

---

सातपूर_निर्यात_दस्तऐवज

सूट किती द्यायची याआधी एक प्रश्न सोडवावा लागेल: आपल्या प्रत्येक भागावर नेमके कोणते शुल्क लागते? ‘५० टक्के’ हा आकडा सगळ्यांच्या तोंडी आहे, पण भारतीय मालावर सध्या, म्हणजे नोव्हेंबर २०२५ मध्ये, दोन वेगळ्या मार्गांनी ५० टक्के लागतात आणि त्यांचा हिशेब वेगळा आहे. पहिला मार्ग म्हणजे १९६२ च्या व्यापार विस्तार कायद्यातील कलम २३२. राष्ट्रीय सुरक्षेचे कारण देऊन पोलाद-ॲल्युमिनियमवरचे शुल्क त्याखाली लावले आहे. दुसरा मार्ग म्हणजे आणीबाणीच्या आर्थिक अधिकारांचा कायदा. त्याखाली ७ ऑगस्टपासून २५ टक्के आणि रशियन तेलाच्या कारणाने २७ ऑगस्टपासून आणखी २५ टक्के लागले. एकाच मूल्यावर ही दोन्ही शुल्के एकत्र लागत नाहीत; जेवढे मूल्य कलम २३२ खाली जाते, तेवढ्यावर दुसरे लागत नाही.

आता आपल्या मालाकडे पाहू. कोणत्याही विशिष्ट यंत्राचा नसलेला साधा पोलादी ब्रॅकेट बहुधा सीमाशुल्क वर्गीकरणाच्या ७३ व्या (पोलादी वस्तूंच्या) प्रकरणात जाईल. पंपाची हाउसिंग पंपाचा भाग म्हणून ८४ व्या आणि मोटारीचे एंड कव्हर ८५ व्या प्रकरणात जाते. ७३ आणि ७६ (ॲल्युमिनियमच्या वस्तू) या प्रकरणांबाहेरची वस्तू कलम २३२ च्या यादीत असेल, तर ५० टक्के शुल्क तिच्यातील धातूच्या मूल्यापुरतेच लागते आणि उरलेल्या मूल्यावर त्या-त्या देशाचे दुसरे शुल्क लागते. आपल्या दृष्टीने दुखरी बाब येथेच आहे. समजा हाउसिंगची किंमत १०० डॉलर आहे आणि त्यातील ॲल्युमिनियम ३० डॉलरचे आहे. भारतातून गेल्यास ३० वर १५ आणि उरलेल्या ७० वर ३५, असे एकूण ५० डॉलर शुल्क होते. तीच हाउसिंग व्हिएतनाममधून गेली, तर उरलेल्या ७० वर २० टक्क्यांनी १४ डॉलर लागतात आणि एकूण २९ होतात. म्हणजे मूल्याची फोड करून आज आपल्याला काहीच लाभ होत नाही, प्रतिस्पर्ध्याला मात्र होतो. याउलट ७३ किंवा ७६ प्रकरणातील साध्या वस्तूवर ब्रिटन वगळता जवळपास सर्व देशांना सारखेच ५० टक्के पडतात, आणि तेथे आपण स्पर्धेत मागे पडत नाही.

याहून महत्त्वाची बाब वाहनांच्या भागांची आहे. प्रवासी वाहने आणि हलके ट्रक यांच्या यादीतील भागांवर ३ मे २०२५ पासून कलम २३२ खालीच वेगळे २५ टक्के शुल्क आहे, आणि १ नोव्हेंबरपासून मध्यम व अवजड ट्रकांच्या भागांवरही ते लागू झाले आहे. ज्या भागाला हे शुल्क लागते, त्याला पोलाद-ॲल्युमिनियमचे ५० टक्के लागत नाहीत. तेव्हा आपला ब्रॅकेट प्रत्यक्षात कोठे बसतो हे आयातदाराला लेखी विचारा. तो खरोखर वाहनात बसत असेल आणि त्याचे वर्गीकरण चुकून सामान्य पोलादी वस्तू म्हणून होत असेल, तर निम्मे शुल्क विनाकारण भरले जात आहे. शंका असेल तर आयातदार अमेरिकी सीमाशुल्क खात्याकडून वर्गीकरणाचा बंधनकारक निर्णय मागू शकतो. निर्यातदार म्हणून आपणही तो मागू शकतो. केवळ शुल्क वाचवण्यासाठी खोटा कोड घालण्याच्या फंदात मात्र कोणीही पडू नये. दंड आयातदाराला होतो आणि पुरवठादार कायमचा बाद होतो.

आणखी एक कागद आजच तयार ठेवा. ॲल्युमिनियम कोणत्या देशात वितळवून तयार झाले आणि शेवटचे ओतकाम कोठे झाले, याची माहिती तेथे द्यावी लागते. ती ‘अज्ञात’ राहिल्यास रशियन ॲल्युमिनियमसाठी ठेवलेला २०० टक्क्यांचा दर लागण्याचा धोका आहे. इनगॉट (धातूच्या लाद्या) पुरवणाऱ्याकडून प्रत्येक लॉटचे मिल सर्टिफिकेट (धातू बनवणाऱ्याचा दाखला) घ्या आणि ते त्या-त्या शिपिंग बिलाला (निर्यातीच्या सीमाशुल्क कागदाला) जोडून ठेवा.

---

मुसळगाव_फोर्जिंग

वरील उत्तर अतिशय उपयुक्त आहे. मी फक्त सुटीच्या गणिताविषयी लिहितो, कारण सिन्नर परिसरातील अनेक कारखानदार याच जागी फसत आहेत.

आयातदार म्हणतो की निम्मे शुल्क तुम्ही सोसा आणि त्यासाठी २५ टक्के सूट द्या. हे गणित बरोबर नाही. शुल्क किमतीवर लागत असल्याने किंमत उतरली की शुल्कही आपोआप उतरते. १०० डॉलरचा भाग ५० टक्के शुल्कासह त्याला १५० ला पडतो. आपण २५ टक्के सूट दिली, तर ७५ वर ३७.५० शुल्क लागून तो ११२.५० ला पडतो. म्हणजे त्याचा जादा भार ५० वरून १२.५० वर येतो. तीन चतुर्थांश भार आपल्या सुटीने हलका झाला आणि त्याने त्याला निम्मा म्हटले. खरोखर निम्मा वाटा उचलायचा, तर त्याला भाग १२५ ला पडायला हवा आणि त्यासाठी किंमत ८३.३३ हवी, म्हणजे सूट १६.६७ टक्के होते. दहा टक्के सूट दिली, तरी त्याचा खर्च १५० वरून १३५ वर येतो. आपण गमावतो १० आणि तो वाचवतो १५. हा तक्ता कागदावर मांडून त्याच्यापुढे ठेवला की बोलणीच वेगळ्या पातळीवर जातात. तेथील खरेदी विभागाला हे गणित कळत नाही असे नाही. आपल्याला कळते हे त्यांना समजले पाहिजे.

आता १६.६७ टक्केही सोडावेत असे माझे म्हणणे नाही. डाय कास्टिंगच्या किमतीतून इनगॉट, वीज आणि यंत्राचा हप्ता वजा केला तर इतके उरत नाही, हे आपण सर्व जाणतो. ज्या भागात धातूचा वाटा मोठा आणि मशीनिंग थोडे, त्यात आपल्या हातात सोडण्यासारखे फारच कमी असते. सूट द्यायचीच असेल तर ती भागागणिक ठरवा, एकाच टक्क्याने सगळ्या ऑर्डरवर देऊ नका, आणि करारात तीन गोष्टी लिहून घ्या. धातूची किंमत दर महिन्याच्या निर्देशांकाला जोडलेली असावी. सूट ठरावीक तिमाहीपुरती असावी. आणि शुल्क कमी झाले किंवा रद्द झाले, तर त्या तारखेपासून मूळ किंमत आपोआप लागू व्हावी. हे तिसरे कलम नसेल, तर उद्या शुल्क उतरले तरी सुटीची किंमतच ‘नेहमीची’ होऊन बसेल आणि मग ती वर नेणे फार कठीण जाईल. इन्व्हॉइसवर किंमत कमी दाखवून उरलेली रक्कम टूलिंगच्या नावाखाली घेऊ, असा प्रस्ताव कोणी मांडला तर तो मान्य करू नका. ती सरळसरळ मूल्याची खोटी घोषणा ठरते.

बोलणी करताना आपली बाजू वाटते तितकी दुबळी नाही हेही ध्यानात असू द्या. साध्या पोलादी आणि ॲल्युमिनियम वस्तूंवर तुर्कस्तान, तैवान, व्हिएतनाम या सगळ्यांना हेच ५० टक्के लागतात. चीनच्या बऱ्याच औद्योगिक मालावर २०१८ पासूनचे कलम ३०१ चे (अन्याय्य व्यापाराच्या कारणाने लावलेले) शुल्क त्याखेरीज लागते, म्हणजे तो आपल्यापेक्षा महाग पडतो. तेव्हा ‘दुसरीकडून घेऊ’ ही धमकी प्रत्येक भागाबाबत खरी नसते. डाय बनवणे, नमुने मंजूर करणे, चाचण्या घेणे यात आयातदाराचा वेळ आणि पैसा गेलेला असतो आणि नवा पुरवठादार उभा करताना तो पुन्हा जातो. ज्या भागात मशीनिंग अवघड आहे आणि आपली गुणवत्ता सिद्ध झालेली आहे, तेथे सूट नाकारण्याची तयारी ठेवा. ज्या भागात उरलेल्या मूल्यावरच्या शुल्कामुळे आपण खरोखर महाग पडतो, तेथे ती द्या.

---

कॉलेजरोड_अर्थशास्त्र

प्रतिशुल्काचा प्रश्न भावनेचा झाला आहे, म्हणून आधी घडलेला क्रम नोंदवतो.

अमेरिकेने मार्च २०१८ मध्ये पोलादावर २५ आणि ॲल्युमिनियमवर १० टक्के शुल्क लावले, तेव्हा भारताने जूनमध्ये प्रतिशुल्काची यादी जाहीर केली, पण ती अनेकदा पुढे ढकलली. ५ जून २०१९ पासून अमेरिकेने भारताची जीएसपी सवलत (विकसनशील देशांच्या मालाला शुल्कात मिळणारी सूट) काढून घेतली आणि त्यानंतर १६ जूनपासून बदाम, अक्रोड, सफरचंद, हरभरा, मसूर यांसह २८ वस्तूंवर भारताचे वाढीव शुल्क लागू झाले. दोन्ही देश जागतिक व्यापार संघटनेत एकमेकांविरुद्ध गेले. जून २०२३ मध्ये पंतप्रधानांच्या अमेरिका भेटीच्या वेळी हे वाद मिटवण्याचे ठरले: भारताने सफरचंद, अक्रोड, बदाम आदींवरचे जादा शुल्क मागे घ्यायचे आणि अमेरिकेने सवलतीसाठी आलेल्या अर्जांपैकी पोलादाचे ७० टक्के व ॲल्युमिनियमचे ८० टक्के मंजूर करायचे. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकी अध्यक्षांच्या एका घोषणेने अर्जांची ती व्यवस्थाच बंद झाली. आपण दिलेली सवलत राहिली आणि आपल्याला मिळालेली गेली. माझ्या मते या साऱ्या इतिहासातून घेण्यासारखा धडा हाच आहे की, तेथील प्रशासकीय प्रक्रियेवर टेकलेली सवलत स्वीकारून आपली कायम स्वरूपाची सवलत देऊ नये. पुढील करारात ठरावीक कोट्यापर्यंत कमी शुल्क अशी लेखी तरतूद हवी.

मे २०२५ मध्ये भारताने पुन्हा जागतिक व्यापार संघटनेला कळवले की, ही शुल्के प्रत्यक्षात सेफगार्ड (वाढत्या आयातीपासून देशी उद्योगाला तात्पुरते संरक्षण देणाऱ्या) स्वरूपाची असल्याने तेवढ्याच सवलती मागे घेण्याचा हक्क भारत राखून ठेवतो. त्या वेळी परिणाम होणारी निर्यात ७.६ अब्ज डॉलरची आणि शुल्क १.९१ अब्ज डॉलरचे धरले होते; दर दुप्पट झाल्यावर जुलैमध्ये हा दुसरा आकडा ३.८२ अब्ज करण्यात आला. अमेरिकेचे उत्तर ठरलेले आहे: ही सुरक्षेची शुल्के आहेत, सेफगार्ड नव्हेत. डिसेंबर २०२२ मध्ये तंटा मंडळांनी चीन, नॉर्वे, स्वित्झर्लंड आणि तुर्कस्तान यांच्या प्रकरणांत सुरक्षेचा हा युक्तिवाद फेटाळला होता. पण अपील मंडळ डिसेंबर २०१९ पासून बंद असल्याने अमेरिकेने अपील केले आणि निकाल तसाच पडून आहे. कायद्याने आपली बाजू भक्कम असूनही हाती काही पडत नाही, ही स्थिती आहे.

तरीही प्रतिशुल्क लावावे का? मी त्याच्या विरोधात आहे, आणि कारण नाशिकचे आहे. आपण अमेरिकेकडून मुख्यतः खनिज तेल, नैसर्गिक वायू, कोकिंग कोळसा, विमानांचे भाग, यंत्रे आणि भंगार घेतो. डाय कास्टिंगच्या बऱ्याचशा मिश्रधातूंचा पाया ॲल्युमिनियम भंगार आहे आणि त्याच्या मोठ्या पुरवठादारांत अमेरिका आहे. भंगारावर कलम २३२ चे शुल्क नसल्याने तेथील कारखाने आधीच स्वतःचे भंगार अमेरिकेतच रोखून धरत आहेत आणि बाहेरचेही ओढत आहेत. त्यावर आपण आणखी आयात शुल्क चढवले, तर अंबडच्या भट्ट्यांना इनगॉट महाग पडेल आणि वॉशिंग्टनला त्याची जाणीवही होणार नाही. बदाम-अक्रोडावर शुल्क लावले तर भट्टीला झळ लागत नाही हे खरे, पण २०१९ ते २०२३ या चार वर्षांत त्या शुल्कामुळे पोलादावरचा एक टक्काही उतरला नव्हता.

मला खरी चिंता दुसऱ्या एका उत्तराची वाटते, आणि त्यावर नाशिकमध्ये फार कमी बोलले जाते. जगभरचे पोलाद आपल्याकडे वळेल या भीतीने केंद्राने २१ एप्रिल २०२५ पासून काही सपाट पोलादावर २०० दिवसांसाठी १२ टक्के सेफगार्ड शुल्क लावले. ती मुदत नोव्हेंबर २०२५ मध्ये संपली आणि तेव्हा तीन वर्षांसाठी अनुक्रमे १२, ११.५ आणि ११ टक्क्यांची शिफारस सरकारपुढे होती. पोलाद गिरण्यांना संरक्षण हवे हे मी समजू शकतो. पण आकडे पाहा. २०२४-२५ मध्ये अमेरिकेला गेलेल्या सुमारे ४.५६ अब्ज डॉलरच्या पोलाद, ॲल्युमिनियम आणि त्यांच्या वस्तूंपैकी कच्चे लोखंड-पोलाद जेमतेम ५८.७५ कोटी डॉलरचे होते आणि ३.१ अब्ज डॉलर पोलादी वस्तूंचे होते. म्हणजे अमेरिकी शुल्काचा घाव गिरण्यांपेक्षा ब्रॅकेट, फोर्जिंग, पाइप फिटिंग आणि फास्टनर बनवणाऱ्यांवर कितीतरी मोठा आहे, आणि उत्तर म्हणून त्यांचाच कच्चा माल महाग करण्याचे घाटते आहे. प्रत्यक्ष निर्यात करणाऱ्याला ॲडव्हान्स ऑथरायझेशनखाली शुल्कमुक्त आयात करता येते, पण अंबडचा लहान कारखानदार शीट बाजारातल्या व्यापाऱ्याकडून घेतो. त्याला ती वाट व्यवहारात खुली नसते. आपल्या संघटनांनी दिल्लीत एकच मागणी लावून धरायची असेल, तर ती प्रतिशुल्काची नसावी. निर्यातीसाठी लागणारे पोलाद आणि ॲल्युमिनियम लहान कारखान्याला आंतरराष्ट्रीय भावाने मिळावे, ही असावी.

---

गोंदे_फॅब्रिकेशन

प्राध्यापक महोदयांच्या शेवटच्या मागणीशी मी पूर्ण सहमत आहे, पण प्रतिशुल्काबाबत नाही. २०२३ मध्ये वाद मिटवताना भारताच्या हातात द्यायला काही होते, ते केवळ २०१९ मध्ये शुल्क लावले होते म्हणून. कॅनडाने मार्च २०२५ मध्ये लगेच उत्तर दिले आणि सप्टेंबरमध्ये बहुतेक प्रतिशुल्के मागे घेतली, तरी पोलाद, ॲल्युमिनियम आणि वाहनांवरची कायम ठेवली. युरोपीय संघाने यादी मंजूर करून ती स्थगित ठेवली आहे. हेही एक उत्तरच आहे, कारण कागद तयार आहे हे समोरच्याला ठाऊक असते. आपण भंगार, कोळसा आणि यंत्रे वगळून यादी करावी आणि ती अधिसूचित करून तारीख पुढची ठेवावी. व्यापार करार होईपर्यंत हक्क नुसता ‘राखून ठेवणे’ पुरेसे नाही. आमच्या शीट मेटल एन्क्लोजरच्या ऑर्डर थांबल्या, तेव्हा आपल्या बाजूने कोणी ठामपणे उभे आहे असे कामगारांनाही दिसायला हवे होते. सध्या सिंहस्थाच्या कामांमुळे फॅब्रिकेशनला थोडा आधार आहे, पण निर्यातीच्या दर्जाची मशीनिंग करणाऱ्याला त्याचा उपयोग नाही.

---

कॉलेजरोड_अर्थशास्त्र

आपला मुद्दा योग्य आहे. कच्चा माल वगळून यादी तयार ठेवावी आणि अंमलबजावणीची तारीख पुढची ठेवावी, याला माझा विरोध नाही. विरोध आहे तो घाईने आणि सरसकट लावण्याला.

एक खुलासा मात्र आवश्यक वाटतो, कारण याबाबत गैरसमज पसरला आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात ५ नोव्हेंबर २०२५ ला जी सुनावणी झाली, ती आणीबाणीच्या अधिकारांखालील शुल्कांविषयी होती. निकाल शुल्कांच्या विरोधात गेला, तर वर सातपूरच्या सदस्यांनी दाखवलेला ‘उरलेल्या मूल्यावरचा’ भार जाईल. कलम २३२ चे ५० टक्के त्या खटल्यात नाहीत आणि ते राहतीलच. शिवाय यादीत नव्या वस्तू घालण्यासाठी तेथील उत्पादकांना वर्षातून तीनदा, मे, सप्टेंबर आणि जानेवारीत, अर्ज करता येतात. आज जो भाग यादीबाहेर आहे तो उद्याही बाहेर असेल, असे गृहीत धरून किंमत देऊ नये.

---

त्र्यंबकरोड_बँकिंग

मी निर्यात कर्जाचे काम पाहतो, म्हणून पैशाच्या बाजूवर लिहितो. सूट नाकारायची असेल तर काही महिने ऑर्डरविना तग धरण्याची ताकद लागते आणि ती खेळत्या भांडवलातून येते.

१२ नोव्हेंबरला केंद्रीय मंत्रिमंडळाने निर्यातदारांसाठी पतहमी योजना मंजूर केली. तीत बँकांनी दिलेल्या २०,००० कोटी रुपयांपर्यंतच्या जादा कर्जाला पूर्ण हमी आहे, म्हणजे पात्र निर्यातदाराला नव्याने तारण मागण्याचे कारण उरत नाही. १४ नोव्हेंबरला रिझर्व्ह बँकेने दिलासा जाहीर केला. निर्यातीचे पैसे आणण्याची मुदत ९ महिन्यांवरून १५ महिने केली आहे. ३१ मार्च २०२६ पर्यंत दिलेल्या निर्यात कर्जाचा कालावधी ४५० दिवसांपर्यंत वाढवता येतो. ठरावीक क्षेत्रांतील पात्र निर्यातदारांना १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर २०२५ या काळातील हप्त्यांना स्थगिती मिळू शकते. त्या काळाचे व्याज मात्र चालू राहते, ते सरळ व्याजाने आकारले जाते. ही स्थगिती आपोआप मिळत नाही. बँकेकडे लेखी अर्ज करा, सोबत रद्द झालेल्या किंवा लांबलेल्या ऑर्डरचा पत्रव्यवहार जोडा, आणि खाते थकण्याआधी करा. शाखेत परिपत्रक पोहोचले नाही असे उत्तर मिळाल्यास अर्जाची पोच घेऊन तो विभागीय कार्यालयाकडे पाठवा. आणि आयातदार जर आता ६० दिवसांऐवजी १२० दिवसांनी पैसे देऊ म्हणत असेल, तर ईसीजीसीच्या (निर्यातीच्या उधारीचा विमा देणाऱ्या सरकारी कंपनीच्या) विमा मर्यादेत ते बसते का हे आधी पाहा. शुल्काच्या ओझ्याने तेथील आयातदारही अडचणीत येत आहेत आणि बुडालेले एक बिल पाच वर्षांच्या नफ्याला भारी पडते.

---

सातपूर_निर्यात_दस्तऐवज

युरोपचा प्रश्न राहिला होता. तेथे वाव आहे, पण दार अरुंद होत चालले आहे. युरोपीय आयोगाने ७ ऑक्टोबरला मांडलेल्या प्रस्तावानुसार पोलादाचा शुल्कमुक्त कोटा सुमारे ४७ टक्क्यांनी घटून १.८३ कोटी टनांवर येईल आणि कोट्याबाहेर ५० टक्के शुल्क लागेल. हा मुख्यतः गिरण्यांच्या मालाचा विषय आहे. आपल्याला थेट भिडणारी गोष्ट म्हणजे सीबॅम, म्हणजे कार्बनवरचे सीमा शुल्क, जे १ जानेवारी २०२६ पासून प्रत्यक्ष आर्थिक दायित्वासह सुरू होत आहे. त्यात फास्टनर आणि इतर अनेक पोलादी व ॲल्युमिनियम वस्तू येतात. दिलासा इतकाच की, ज्या आयातदाराची अशा मालाची वार्षिक आयात ५० टनांच्या आत आहे त्याला यातून सूट आहे. लहान युरोपीय ग्राहक शोधणाऱ्या कारखान्याला ही मर्यादा उपयोगी पडेल. त्याहून मोठा ग्राहक उत्सर्जनाचे आकडे मागणारच, तेव्हा भट्टीचे इंधन, वीज आणि इनगॉटचा उगम यांची महिनावार नोंद आतापासून ठेवा.

जवळचे पर्याय पाहायचे तर स्वित्झर्लंड आणि नॉर्वे यांचा समावेश असलेल्या एफ्टा गटाशी झालेला करार १ ऑक्टोबरपासून लागू झाला आहे. ब्रिटनशी २४ जुलै २०२५ ला करार झाला, नोव्हेंबर २०२५ पर्यंत त्याचा अंमल झालेला नव्हता. संयुक्त अरब अमिराती आणि ऑस्ट्रेलिया यांच्याशी झालेले करार २०२२ पासून चालू आहेत. पंप आणि मोटारींचे भाग घेणारे ग्राहक या चारही ठिकाणी आहेत, पण प्रत्येकाला नमुने आणि चाचणी अहवाल नव्याने द्यावे लागतील. अंबडच्या नाशिक इंजिनिअरिंग क्लस्टरमध्ये चाचणीची कोणती सोय उपलब्ध आहे ते तेथे आधी विचारून घ्या. सगळेच नमुने पुण्याला पाठवायची गरज नसते.

---

अंबड_डायकास्टिंग

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सुटीचे गणित आयातदाराला भागागणिक तक्त्यासह पाठवत आहे. हाउसिंगवर तिमाहीपुरती मर्यादित सूट द्यायची, एंड कव्हरचे मशीनिंग अवघड असल्याने त्यावर नाही, आणि तिन्ही कलमे करारात मागायची असे ठरवले आहे. ब्रॅकेट कोठे बसतो हे विचारले, तेव्हा ते पिकअप ट्रकच्या मागील भागाला जोडण्याच्या उपकरणात वापरले जातात असे उत्तर आले. हे उपकरण वाहन विकल्यानंतर वेगळे बसवले जाते. अशा भागाला वाहनाच्या भागांचे २५ टक्के लागतील की पोलादाचे ५०?

---

सातपूर_निर्यात_दस्तऐवज

वाहन विकल्यानंतर बसवले जाते एवढ्याने तो भाग यादीतून बाद होत नाही. सुटे भाग म्हणून जाणारा मालही त्यात येऊ शकतो. निर्णय दोन गोष्टींवर होईल. ब्रॅकेटचे आरेखन केवळ वाहनासाठीच आहे की तो इतरत्रही वापरता येतो, आणि त्याचा अमेरिकी दहा अंकी कोड वाहन-भागांच्या यादीत आहे की नाही. आयातदाराकडून ड्रॉइंग, उपकरणाचे माहितीपत्रक आणि सध्या भरत असलेला कोड मागवून घ्या आणि त्याच्या कस्टम ब्रोकरचे लेखी मत घ्या. ते मत येईपर्यंत ब्रॅकेटच्या किमतीवर कोणतीही सूट मान्य करू नका.